नवीन मोटर बसवली, तरी टकटक चालूच

घरची गाडी अकरा वर्षांची. मे महिन्यात एसी लावला की उजवीकडे बसलेल्या बाबांना थंड हवा आणि डावीकडे बसलेल्या आईला कोमट वारा. शिवाय गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या आतून आठ-दहा सेकंद टकटक, टकटक असा आवाज. आई म्हणायची, "आत पाल आहे."

पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं की गॅस कमी झालाय. गॅस भरून घेतला, काही फरक पडला नाही. दुसरीकडे सांगितलं, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. तेव्हा मी सुट्टीला घरी आलो होतो. म्हटलं, आपण तापमान नियंत्रणावरच तर काम करतो, बघू या.

हा लेख त्या दुरुस्तीचा आहे. तुम्ही पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची किंवा मुलाखतीची तयारी करत असाल तर गाडी कशाला, असं वाटेल. पण उपकरण बिघडणं, त्यावरून अंदाज बांधणं, अंदाज बरोबर निघणं आणि तरीही आपण चुकणं हे सगळं मला या एका मोटरीत भेटलं. पुढे प्रयोगशाळेत ते उपयोगी पडलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी यंत्रणा समजून घेऊ

बहुतेकांना वाटतं की एसी कमी-जास्त केला की कॉम्प्रेसर कमी-जास्त गार करतो, बस्स. बऱ्याच गाड्यांमध्ये प्रकार वेगळा असतो. डॅशबोर्डमागे प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. पंख्याने ओढलेली हवा आधी इव्हॅपोरेटरवरून जाते. तिथे ती शून्याच्या थोडी वरच्या तापमानापर्यंत गार होते आणि तिच्यातला ओलावाही निघून जातो. पुढे हीटर कोअर असतो. तो म्हणजे एक छोटा रेडिएटर, ज्यातून इंजिनाचं साधारण ९० अंशांचं कुलंट फिरतं. या दोघांच्या मध्ये एक झडप असते. ती ठरवते की गार हवेपैकी किती हवा थेट पुढे जाईल आणि किती हीटरवरून फिरून येईल. म्हणजे तुम्ही २४ अंश लावता तेव्हा गाडी प्रत्यक्षात थंड आणि गरम हवेचं मिश्रण करत असते. आंघोळीच्या बादलीत आपण करतो तसंच.

हिशेब सोपा आहे. थंड हवा ६ अंश, हीटरवरून आलेली हवा ६० अंश धरू. हीटरकडे जाणारा भाग x असेल तर मिश्रणाचं तापमान ६(१−x) + ६०x. x = ०.१ ठेवलात तर ११.४ अंश. x = ०.३ ठेवलात तर २२.२ अंश. झडप तीस टक्के उघडी राहिली तरी एसीचा सगळा थंडावा पाण्यात जातो, आणि कॉम्प्रेसर मात्र एकदम ठणठणीत असतो. गॅस भरून फरक का पडला नाही, याचं उत्तर इथे आहे.

आमच्या गाडीत ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी वेगवेगळ्या झडपा आहेत. एक बाजू थंड आणि एक कोमट, याचा अर्थ कॉम्प्रेसर, गॅस, पंखा या सामाईक गोष्टी बहुधा ठीक आहेत आणि दोष वाट फुटल्यानंतरच्या भागात आहे. बिघाड शोधताना पहिला प्रश्न हाच विचारा: जे चालतंय आणि जे चालत नाही, त्यांच्यात सामाईक काय आहे? जे सामाईक आहे ते आधी बाजूला काढता येतं.

झडप हलवतो कोण?

जुन्या गाड्यांत नॉब फिरवला की केबल ओढली जायची आणि झडप हलायची. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमध्ये हे काम ॲक्च्युएटर करतो. मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची डबी. आत १२ व्होल्टवर चालणारी छोटी डीसी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी प्लास्टिकच्या दातेरी चाकांची साखळी, आणि शेवटच्या चाकाला जोडलेला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरण्याप्रमाणे रोध बदलणारी पट्टी.

आमच्या ॲक्च्युएटरला पाच तारा आहेत. दोन मोटरच्या, त्यांची ध्रुवता उलटवली की मोटर उलटी फिरते. उरलेल्या तीन पोटेन्शिओमीटरच्या: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि मधला सिग्नल. झडप एका टोकाला असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला साडेचार. सगळ्या गाड्यांत असंच असेल असं नाही. काहींत स्टेपर मोटर असते, काहींत डबीतच छोटी चिप असते.

इथे एक गोष्ट नीट बघा. सिग्नल ० ते ५ असा पूर्ण का वापरला नाही? कारण तार तुटली की ० दिसतं आणि ५ व्होल्टशी चिकटली की ५ दिसतं. टोकांना जागा मोकळी ठेवली, तर 'झडप पूर्ण बंद आहे' आणि 'तार तुटली आहे' यांत फरक करता येतो. आपला प्रयोग आखताना हे लक्षात ठेवा. तुमच्या मोजमापात 'उत्तर शून्य आलं' आणि 'उपकरण बंद होतं' या दोन गोष्टी सारख्या दिसत असतील तर मांडणीत खोट आहे.

कंट्रोलरचं काम सोपं आहे. मला झडप इथे हवी, सिग्नल सांगतो ती तिथे आहे, तर फरक संपेपर्यंत मोटर फिरव. यालाच बंद चक्राचं नियंत्रण म्हणतात. तुमच्या विभागातल्या भट्टीपासून क्रायोस्टॅटपर्यंत सगळीकडे हेच चालतं.

निदान: इथपर्यंत मी बरोबर होतो

मी दोन मोजमापं घेतली. एसी सर्वांत थंडवर, हवा आतल्या आत फिरती, इंजिन दहा मिनिटं चालू. दोन्ही बाजूंच्या जाळीत स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर धरला. उजवीकडे ९ अंश, डावीकडे २१.

मग ग्लव्ह बॉक्स काढला, डाव्या ॲक्च्युएटरच्या कनेक्टरमध्ये मागून मल्टिमीटरची सुई टेकवली आणि सिग्नल पाहिला. १.६ व्होल्ट. आतून मोटरची टकटक ऐकू येत होती, पण आकडा हलत नव्हता.

आता हिशेब जुळवा. ०.५ पासून ४.५ पर्यंत चार व्होल्टचा पल्ला. १.६ म्हणजे (१.६ − ०.५) ÷ ४ = ०.२७५. वरच्या सूत्रात तापमान २१ घातलं तर x येतो १५ ÷ ५४ = ०.२८. झडपेचं उघडणं आणि हवेचा वाटा इतक्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे आकडे इतके जवळ येणं हा थोडा नशिबाचाही भाग. पण थर्मामीटर आणि मल्टिमीटर या दोन वेगळ्या मोजमापांनी एकच सांगितलं: झडप पाव भाग उघडी अडकली आहे.

मोटर फिरतेय, झडप हलत नाही. म्हणजे मधलं दातेरी चाक तुटलंय. या ॲक्च्युएटरचा हा ठरलेला आजार आहे आणि टकटक ही त्याची ठरलेली खूण. मी नवीन भाग मागवला.

वरची दोन वाक्यं पुन्हा वाचा. 'मोटर फिरतेय, झडप हलत नाही' हे निरीक्षण. 'चाक तुटलंय' हा निष्कर्ष. मध्ये मी 'म्हणजे' लिहिलं आणि तिथेच घसरलो. ते पुढे येतंच.

भाग बदलताना

तुम्ही कधी हे केलंत तर थोडक्यात क्रम असा. तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल यापेक्षा वरचं, हे गृहीत धरा.

१. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये जितका वेळ थांबायला सांगितलंय तितका थांबा. डाव्या बाजूला प्रवाशाची एअरबॅग असते. तिची वायरिंग साधारणपणे पिवळ्या आवरणात असते. पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, मल्टिमीटर तर मुळीच नाही.

२. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्क्रू पुठ्ठ्यावर त्याच मांडणीत टोचून ठेवा आणि शेजारी लिहा. 'लक्षात राहील' असं वाटतं, राहत नाही.

३. ॲक्च्युएटर दोन-तीन छोट्या स्क्रूंवर असतो. एखादा स्क्रू नेमका दिसत नाही अशा जागी असतो. चुंबकाच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर नसेल तर तो स्क्रू पेटीच्या मागे पडतो आणि तुमची संध्याकाळ जाते. माझी गेली.

४. जुना ॲक्च्युएटर निघाला की झडपेचा दांडा मोकळा होतो. तो बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. अडथळा न येता फिरायला हवा आणि दोन्ही टोकांना फोमच्या गादीवर मऊ टेकायला हवा.

५. नव्या भागाची खाच दांड्याशी जुळवून बसवा. जुळत नसेल तर दाबू नका, दांडा थोडा फिरवा. ॲक्च्युएटर हातात धरून नुसतं कनेक्शन देऊन फिरवून बघायचा मोह होतो. काही गाड्यांत तो अडवणारं काही नसल्याने ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि मग जुळत नाही.

६. सगळं जोडल्यावर इग्निशन चालू करा आणि एखादं मिनिट कुठल्याही बटणाला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत कंट्रोलर प्रत्येक झडप दोन्ही टोकांना नेऊन टोकं नव्याने नोंदवतो. काही गाड्यांत हे कॅलिब्रेशन स्कॅन टूल लावून करावं लागतं. साधे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, त्यावर 'काही दोष नाही' दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका.

यातली चौथी पायरी मी ठळक केली, कारण ती मी केली नाही. मला जुना ॲक्च्युएटर उघडून बघायची घाई होती. उघडला. मधल्या चाकाचे तीन दात गायब. मी ते चाक बाबांना विजयी मुद्रेने दाखवलं. नवीन बसवला, कॅलिब्रेशन झालं, उजवीकडे ९, डावीकडे १०. आईने गॅरेजवाल्यांना नावं ठेवली आणि मला आमरस वाढला.

बारा दिवसांनी

बारा दिवसांनी एका लग्नासाठी घाट उतरून गेलो. परत येताना डावीकडे पुन्हा कोमट हवा, आणि टकटक.

नवीन भागच खराब निघाला, हा माझा पहिला विचार. विक्रेत्याला तक्रार लिहायलाही घेतली. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, पण पहिल्याचे दात का तुटले होते?"

मी सांगितलं, "प्लास्टिक आहे, अकरा वर्षांचं आहे."

"मग उजवीकडचं पण अकरा वर्षांचंच आहे ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा ग्लव्ह बॉक्स काढला, पुन्हा सिग्नल, साधारण तेवढाच. ॲक्च्युएटर काढून उघडला तर सगळे दात शाबूत; जोर असह्य झाल्यावर ते एकमेकांवरून उड्या मारत होते. या वेळी दांडा हाताने फिरवला. पाऊण वाट सहज गेला आणि मग टक्कन थांबला. फोमवर टेकतो तसा मऊ नाही. काहीतरी कडक होतं.

पायांकडे हवा नेणारी नळी काढली आणि मोबाइलला जोडायचा वायरसारखा कॅमेरा आत सोडला. झडपेच्या कडेला बोटभर लांबीचा पेन्सिलीचा तुकडा आडवा बसला होता.

तो तिथे गेला कसा? समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेच्या फटी असतात. डॅशबोर्डवर ठेवलेली वस्तू ब्रेक मारला की काचेकडे घरंगळते आणि फटीतून आत पडते. बाबा पेट्रोल भरलं की किलोमीटर आणि लिटर डायरीत लिहितात, पेन्सिलीने, आणि पेन्सिल डॅशबोर्डवर ठेवतात. आम्ही डायरी काढली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच्या नोंदी पेन्सिलीच्या, त्यानंतरच्या सगळ्या निळ्या शाईच्या. एप्रिलच्या एका नोंदीशेजारी बाबांनीच लिहून ठेवलं होतं: 'डावीकडून आवाज'.

म्हणजे घडलं ते असं. कंट्रोलर झडप बंद करायला सांगायचा. झडप पेन्सिलीवर अडायची. सिग्नल १.६ वर थांबायचा. कंट्रोलरला वाटायचं अजून पोचलो नाही, आणि तो मोटर ढकलत राहायचा. गाडी सुरू केली की हेच, दिवसातून चार वेळा. शेवटी दात तुटले. मी नवी मोटर बसवली तेव्हा पेन्सिल बहुधा सुटी होऊन बाजूला गेली होती आणि घाटातल्या वळणांनी तिला परत जागेवर आणलं. 'बहुधा' लिहितोय, कारण त्या दिवशी दांडा फिरवून मी बघितलंच नाही. न घेतलेलं मोजमाप नंतर कुठूनही आणता येत नाही.

वाकवलेल्या तारेने पेन्सिल काढली. तोच नवा ॲक्च्युएटर परत बसवला. अजून चालतोय.

मी नेमका कुठे चुकलो?

दात तुटलेत हा माझा अंदाज खोटा नव्हता. ते खरोखर तुटले होते, म्हणून तर ही चूक पकडायला अवघड. 'चाक तुटलंय' आणि 'झडप अडकलीय' ही दोन्ही गृहीतकं माझ्या सगळ्या निरीक्षणांशी जुळत होती: टकटक, २१ अंश, न हलणारा १.६. दोघांना वेगळं करणारी चाचणी एका मिनिटाची आणि फुकट होती. मी ती केली नाही, कारण पहिल्या गृहीतकाला पुरावा मिळाला होता. पुरावा मिळाला की आपण दुसऱ्या गृहीतकाचा पुरावा शोधणं थांबवतो.

तुम्ही म्हणाल, अदलाबदल करून का नाही बघितलं? दोन्ही बाजूंचे भाग सारखे असतील तर डावा उजवीकडे लावायचा. दोष भागाबरोबर गेला तर भाग खराब. जागेवरच राहिला तर जागा खराब. फार चांगली चाचणी आहे, प्रयोगशाळेत रोज वापरा. पण इथे काय झालं असतं बघा. तुटलेल्या दातांचा ॲक्च्युएटर उजवीकडेही टकटकलाच असता. मी छातीठोकपणे सांगितलं असतं, भाग खराब. बरोबरही ठरलं असतं. दोष कुठे आहे ते अदलाबदल सांगते. तो का आला, हे ती सांगत नाही.

आता प्रयोगशाळेत

सुट्टी संपवून आलो, त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या ट्यूब भट्टीची हीटिंग कॉइल जळली. भट्टी जुनी, कॉइल जळतात, कपाटात नवी कॉइल असते. पूर्वीचा मी तासाभरात ती बदलून नमुने परत आत ठेवले असते. या वेळी कॉइल हातात होती आणि बाबांचा प्रश्न आठवला. पहिली का जळली?

भट्टी म्हणजे तीच गोष्ट. कंट्रोलर, तापवणारी कॉइल, आणि 'किती झालं' हे सांगणारा थर्मोकपल. दुसरा थर्मोकपल नळीच्या मध्यावर ठेवून, नव्या कॉइलवर, नमुन्यांशिवाय भट्टी चालवली. कंट्रोलरवर ८००, मध्यावर ८४५. मूळ थर्मोकपलचं टोक नळीच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला सरकलं होतं. तो थंड जागेचं तापमान सांगायचा, कंट्रोलर आणखी वीज द्यायचा, कॉइल जास्त तापायची.

कॉइल वाचली, ही त्यातली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट माझ्या नोंदवहीत होती. त्या तीन आठवड्यांत मी सहा नमुने '८०० अंशांवर' भाजले होते. मोजमापं झाली होती, आलेखही काढला होता. गाइड मॅडमना सांगायला गेलो तेव्हा पोटात गोळा आला होता. त्यांनी आलेख बघितला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं आत्ता कळलं. परत करू." सहाही नमुने परत केले. नुसती कॉइल बदलली असती तर भट्टी सुरू झाली असती, आणि तो ८०० चा आकडा प्रबंधात छापला गेला असता.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर

कुठलाही भाग बदलण्याआधी मी आता चार ओळी लिहितो. तुम्हीही लिहून बघा, पाच मिनिटं लागतात.

– मी प्रत्यक्ष काय पाहिलं? 'म्हणजे' हा शब्द न वापरता लिहायचं.
– याच निरीक्षणाशी जुळणारं दुसरं कारण कोणतं? किमान एक लिहायचंच.
– या दोघांना वेगळं करणारी सगळ्यात स्वस्त चाचणी कोणती?
– हा भाग खरंच बिघडलेला असेल, तर तो का बिघडला? आणि तो बिघडत असताना मी कोणकोणती मोजमापं घेतली?

मुलाखतीत 'तुमचं उपकरण अचानक चुकीचे आकडे देऊ लागलं तर काय कराल?' अशा वळणाचा प्रश्न आला तर 'दुरुस्त करून घेईन' एवढ्यावर थांबू नका. चौथ्या ओळीचा दुसरा भाग सांगा: आधीचे आकडे कधीपासून संशयित आहेत, ते शोधेन.

त्यासाठी तारखा लिहिलेल्या असाव्या लागतात. बाबांची डायरी नसती तर पेन्सिल कधी पडली हे कधीच कळलं नसतं. ते आता नोंदी पेनानेच करतात, पेनला दोरी बांधली आहे, आणि दोरीचं दुसरं टोक डायरीला.